‘अग्रे’ कीं ‘अग्नेः’? : पाठनिर्णय आणि धर्मनिर्णय

मनुष्यानें काय करावें व काय करूं नये, हें शास्त्रीय संशोधनानें ठरवितां येईल काय, हा वाद जुनाच असला तरी अलीकडे तो नव्या जोमानें पुढें आला आहे. मेंदूच्या शास्त्राचे अभ्यासक व अमेरिकन ग्रंथकार सॅम हॅरिस यांनीं २०१० सालीं ‘द मॉरल लँडस्केप’ नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध करून या प्रश्नास निःसंदिग्ध होकारार्थी उत्तर दिलें. जाणीव असलेल्या प्राण्यांचें कल्याण हाच नीतीचा विषय. कल्याण-अकल्याण हें वस्तुस्थितीच्या कक्षेंत येतें. वस्तुस्थिति शोधणें हें शास्त्राचें काम. म्हणून नीतीचा निर्णय हेंही शास्त्राचेंच काम, अशी त्यांची विचारसरणी थोडक्यांत सांगतां येईल. ‘आहे’ यापासून ‘असावें’ हें निघत नाहीं, अशी जी शंका ह्यूमनें १७३९-४० मध्यें काढली होती, ती या ग्रंथकारास मान्य नाहीं. पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनीं त्यांवर पुष्कळ टीका केली आहे. ती येथें उगाळण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं.

आम्हांस या ग्रंथाची आठवण झाली ती निराळ्या कारणानें. हाच भ्रम आमच्या पोथ्या गोळा करणाऱ्या व पाठ शोधणाऱ्या मंडळींत फार दिवसांपासून मुरलेला आहे. एखाद्या अप्रिय वचनाखालीं ‘प्रक्षिप्त’ असा शेरा पडला कीं धर्माचा प्रश्न सुटला, आणि तेंच वचन जुन्या पोथींत सांपडलें कीं तो पुन्हां उलटला, अशा समजुतीनें लिहिलेले लेख आम्हीं आजवर कित्येक वाचले आहेत. दोन-तीन स्वतः लिहिलेही आहेत. शिवाय आमच्या भाषेंत ‘शास्त्र’ हा शब्दच घोटाळ्याचा. जें शासन करतें तेंही शास्त्र, आणि जें केवळ वस्तूचें ज्ञान देतें तेंही शास्त्रच. त्यामुळें एका अर्थाचा अधिकार दुसऱ्याच्या अंगावर केव्हां चढला, हें लिहिणाऱ्याच्याही ध्यानांत येत नाहीं.

या भ्रमाची परीक्षा घेण्यास ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अठराव्या सूक्ताच्या सातव्या ऋचेइतकें चांगलें उदाहरण दुसरें नाहीं. तें पुष्कळांस ऐकून ठाऊक असतें, परंतु त्याचे तपशील सहसा एके ठिकाणीं मांडले जात नाहींत.

सूक्त अंत्यविधीचें आहे. सातव्या ऋचेंत ज्यांचे पति जिवंत आहेत अशा, अश्रु नसलेल्या, अलंकार ल्यालेल्या स्त्रियांनीं प्रथम आपल्या स्थानीं चढावें, असें सांगितलें आहे. लगेच पुढील ऋचेंत मृताजवळ पडून असलेल्या त्याच्या स्त्रीस, ऊठ, जिवंतांच्या जगाकडे ये, असें आवाहन आहे. सातव्या ऋचेचें शेवटचें पद ‘अग्रे’, म्हणजे ‘प्रथम’. बंगालचा सोळाव्या शतकांतील निबंधकार रघुनंदन याच्या ‘शुद्धितत्त्वां’त मात्र या ठिकाणीं ‘अग्नेः’ असा पाठ येतो, आणि मग ‘योनि’ या शब्दाशीं त्याचा संबंध जुळून स्त्रियांनीं अग्नीच्या स्थानीं चढावें असा अर्थ निष्पन्न होतो. कोलब्रुक यानें १७९५ सालीं ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडांत साध्वी विधवेच्या कर्तव्यांवर जो निबंध छापला, त्यांत ही ऋचा अग्निप्रवेशाच्याच अर्थानें इंग्रजींत उतरली, आणि सहगमनास प्रत्यक्ष ऋग्वेदाचा आधार आहे असा समज युरोपांत रूढ झाला.

पाठाच्या दृष्टीनें हा प्रश्न मुळींच कठीण नाहीं. छंद येथें उपयोगी पडत नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. त्रिष्टुभाचीं अकरा अक्षरें दोन्ही पाठांत सारखींच भरतात. परंतु स्वर उपयोगी पडतो. ‘अग्रे’ हें पद आद्युदात्त, तर ‘अग्नेः’ हें अंतोदात्त. तेव्हां स्वरांकित पोथींत एकाच्या जागीं दुसरें चुकून बसणें सोपें नाहीं. पदपाठांत ‘अग्रे’ आहे; क्रम, जटा, घन म्हणणाऱ्या वैदिकांच्या तोंडीं ‘अग्रे’ आहे. याहून मोठा पुरावा त्या ऋचेच्या पोटांतच आहे: ज्या स्त्रियांस उद्देशून ती म्हटली आहे त्यांस ‘अविधवा’ असें विशेषण दिलें आहे. म्हणजे शेवटीं ‘अग्नेः’ वाचला तरी जळावयाचें तें विधवांनीं नव्हे, सुवासिनींनीं, असा विलक्षण अर्थ पदरीं पडतो. निबंधग्रंथांत ऋचा बहुधा स्वरांवांचून उद्धृत होते, आणि ‘ग्र’ व ‘ग्न’ यांच्यांतील अंतर लेखकाच्या टांकाच्या एका फटकाऱ्याएवढें. पोथ्या हाताळणारास यापेक्षां अधिक सांगणें नको.

हा खुलासा होरेस हेमन विल्सन यानें १८५४ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत केला. आतां वाचकांनीं सालांकडे लक्ष द्यावें. सहगमनास बंदी करणारा सतरावा कायदा लॉर्ड बेंटिंक यानें ४ डिसेंबर १८२९ रोजीं केला. त्याविरुद्धचा अर्ज विलायतेंतील प्रिव्ही कौन्सिलानें १८३२ सालीं फेटाळला. म्हणजे शुद्ध पाठ विद्वानांच्या सभेंत येण्यापूर्वीं पंचवीस वर्षें चाल कायद्यानें बंद झालेली होती. इतकेंच नव्हे. कायदा करण्यापूर्वीं बेंटिंकनें ज्यांचें मत विचारलें त्यांत हाच विल्सन होता. आणि १८२८ सालीं त्याचें मत पडलें तें बंदीच्या विरुद्ध! हिंदूंच्या धर्मांत हात घातल्यासारखें होईल, असें त्यास वाटत होतें. संस्कृत जाणणारा ‘नको’ म्हणाला, आणि संस्कृताचें अक्षर न जाणणाऱ्यानें चाल बंद केली. विल्सनची विद्वत्ता कमी होती असें यावरून कोणी म्हणूं नये. ती अस्सल होती. परंतु तिच्यांतून पुढचें पाऊल आपोआप पडलें नाहीं, एवढें खरें.

राजा राममोहन राय यांनीं १८१८ पासून या विषयावर जे संवाद लिहिले त्यांचा भरही पाठभेदावर नव्हता. स्वर्गाच्या इच्छेनें केलेलें कर्म काम्य, काम्य कर्म निष्काम कर्माहून हीन, तेव्हां विधवेनें संयमानें जगणें हेंच श्रेष्ठ, ही त्यांची मुख्य कोटि. पाठ कसाही असता तरी ती ढळली नसती.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. मॅक्समुल्लरनें १८५६ सालीं या पाठाचा उल्लेख करून, बेमुर्वत पुरोहितवर्गानें मुद्दाम केलेला हा वेदवचनाचा विपर्यास होय, असा घोर आरोप केला. त्यास तसा पुरावा होता काय? नव्हता. ज्या संहितेचें अक्षर न् अक्षर हजारों वैदिकांस मुखोद्गत, तींत लबाडी करून ती खपविणें शक्य कसें व्हावें? आणि स्मृतींत सहगमनाचीं वचनें उघड उभीं असतां ती करण्याची गरज तरी कोणास होती? बुद्धिपुरःसर फसवणुकीची ही कल्पना म. म. पां. वा. काणे यांसही पटली नाहीं. मॅक्समुल्लरची नैतिक चीड योग्य होती, असें आम्हीही म्हणूं. परंतु तिनें त्याच्या हातून पोथ्यांत नसलेली गोष्ट वदविली. इकडे शब्दकल्पद्रुमाचे कर्ते राजा राधाकान्त देव यांनीं १८५८ सालीं विल्सनला पत्र लिहून तैत्तिरीयांच्या औख्य शाखेच्या नारायणीय उपनिषदांतील मंत्र सहगमनास आधार म्हणून पुढें केले. विल्सनला ते मान्य झाले नाहींत. एक आधार पाडला कीं दुसरा उभा राहतो, हा या वादाचा स्वभावच आहे. शाखा पुष्कळ आहेत आणि लुप्त शाखा त्याहून पुष्कळ.

आम्हीं शाळेंत हें उदाहरण पाठशुद्धीचें महत्त्व पटविण्यासाठीं वर्षानुवर्षें सांगत असूं, आणि सांगून झाल्यावर एक प्रकारचें समाधानही मानीत असूं. एके वर्षीं अकरावींतील एका मुलीनें शांतपणें विचारलें, “गुरुजी, आणि ‘अग्नेः’ हाच पाठ खरा निघाला असता तर?” त्या दिवशीं आम्हीं घंटेचा आधार घेतला. पुढें मेधातिथि पुन्हां वाचतांना तिचें उत्तर सांपडलें. आणि तें हजार वर्षांपूर्वींच दिलेलें होतें.

मेधातिथीनें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायावरील भाष्यांत सहगमनाचा विचार केला आहे. अंगिरसाचें वचन त्याच्यापुढें आहे. तें प्रक्षिप्त आहे असें तो म्हणत नाहीं. पाठाविषयींही त्याची तक्रार नाहीं. वचन आहे, तें मनुष्याच्या अंगावरील केसांइतकीं, म्हणजे साडेतीन कोटि वर्षें स्वर्गवासाचें फळ सांगतें, आणि तरीही ती गोष्ट धर्म नव्हे, असें तो म्हणतो. त्यासाठीं दृष्टांत देतो तो श्येनयागाचा. श्येन हा शत्रूचा घात करूं इच्छिणाऱ्यासाठीं वेदांतच सांगितलेला याग. मग तो धर्म झाला काय? मीमांसकांचें उत्तर असें कीं, वेदानें येथें साधन सांगितलें आहे. शत्रूस मारावें असें सांगितलेलें नाहीं. ज्यास मारावयाचेंच आहे त्यास हा उपाय आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. जैमिनीनें धर्माचें लक्षण करतांना ‘अर्थ’ हें पद घातलें तें असे अनर्थकारक उपाय वगळण्यासाठीं, असें शबराचें म्हणणें.

गंमत अशी कीं, याच दृष्टांतावर विज्ञानेश्वरानें कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत बसून मिताक्षरेंत नेमका उलट निर्णय दिला. श्येनाचें फळच, म्हणजे शत्रुवध, निषिद्ध आहे. स्वर्ग हें फळ निषिद्ध नाहीं. सबब दृष्टांत लागूं पडत नाहीं, असें तो म्हणतो. परंतु शेवटीं ज्या स्त्रीस मोक्षाची इच्छा नसून अल्प व अनित्य अशा स्वर्गाचीच इच्छा आहे तिलाच हा अधिकार, अशी मर्यादाही घालतो. दोघेही व्युत्पन्न, दोघांपुढें स्मृतिवचन एकच, पाठभेदाचा प्रश्न नाहीं, न्यायही एकच; आणि निर्णय परस्परविरुद्ध. आमच्या पाठचिकित्सेच्या सर्व आयुधांनिशीं या दोघांमध्यें उभें राहिलें तर आम्ही काय करूं शकूं? मेधातिथि कालदृष्ट्या आधींचा एवढें सांगूं शकूं. परंतु तो बरोबर होता असें आम्हांस वाटतें, तें कालक्रमावरून नव्हे.

श्येनाचा न्याय हॅरिस यांच्या ग्रंथास लावून पाहावा. भौतिक शास्त्राचें प्रत्येक विधान अखेर श्येनवाक्याच्याच जातीचें असतें: अमुक फळ पाहिजे असेल तर अमुक उपाय. विषाच्या कोणत्या मात्रेनें मनुष्य मरतो हें सांगणारें वाक्य वैद्यास आणि मारेकऱ्यास सारख्याच निष्ठेनें सत्य सांगतें. ‘कल्याण’ हेंच फळ मानावें, हें हॅरिस यांस कोणत्या प्रयोगशाळेंत सांपडलें? ते म्हणतात, आरोग्य हवें हें वैद्यक गृहीतच धरतें, म्हणून त्याचें शास्त्रत्व कमी होत नाहीं. ठीक, परंतु मग गृहीत धरलें असें स्पष्ट म्हणावें, सिद्ध केलें असें म्हणूं नये. आणि नुसत्या ‘कल्याण’ या शब्दानें तरी काय उलगडतें? सहगमनाचे पुरस्कर्तेही कल्याणाचीच भाषा बोलत होते. साडेतीन कोटि वर्षांचा हिशेब त्यांनीं मांडलेला होता. हॅरिस म्हणतील कीं तो हिशेब खोटा. आम्हीही म्हणतों. परंतु तो खरा असता तर? मेधातिथीनें फळ खोटें ठरवून निषेध केला नाहीं. फळ गृहीत धरूनही केला, यांतच त्याची थोरवी.

जैमिनीनें पहिल्याच पादांत प्रत्यक्ष हें धर्मज्ञानाचें निमित्त होऊं शकत नाहीं असें म्हटलें, कारण प्रत्यक्षास जें विद्यमान आहे तेंच कळतें, आणि धर्म हा अजून घडवावयाचा असतो. ह्यूमची शंका आमच्याकडे इतकी जुनी आहे. मात्र येथें मीमांसकांचा जयजयकार करून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. प्रत्यक्षास जी मर्यादा त्यांनीं घातली, तीच अखेर ग्रंथासही पडते. विधिवाक्य हातीं आलें तरी त्यांतला ‘अर्थ’ कोणता व ‘अनर्थ’ कोणता, हें निवडतांना मेधातिथि आणि विज्ञानेश्वर वेगळे झाले, तें वाक्याच्या बाहेरच्या कशाच्या तरी जोरावर. तें काय, हें आमच्यापेक्षां अधिकारी माणसांनीं सांगावें.

मोजदादीचीही तीच गोष्ट. १८१३ सालीं कंपनी सरकारनें पंडितांच्या व्यवस्थेवरून सहगमनाचे शास्त्रोक्त व अशास्त्रोक्त असे दोन वर्ग पाडले. गर्भवती, अल्पवयी किंवा नशा दिलेली स्त्री असेल तर मनाई, एरवीं नाहीं. त्यानंतर मोजणी सुरू झाली. बंगाल इलाख्यांत १८१५ मध्यें ३७८, १८१६ मध्यें ४४२, १८१७ मध्यें ७०७ आणि १८१८ मध्यें ८३९. सरकारच्या संमतीनेंच चाल वाढली असें विरोधक म्हणूं लागले. दुसऱ्यांनीं पटकीच्या सांथीकडे बोट दाखविलें. वाढ कां झाली हा शास्त्राचा प्रश्न खरा. परंतु संख्या ८३९ वरून पुन्हां ३७८ वर आली असती तर त्या ३७८ जणींचें काय, हें कोष्टकांत नाहीं.

मग इतिहाससंशोधनाचा नीतीच्या प्रश्नांत कांहींच उपयोग नाहीं काय? असें आम्हीं म्हटलें तर आमच्याच घरावर निखारा ठेवल्यासारखें होईल, आणि तें खरेंही नाहीं. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू छत्रपति साताऱ्यास वारले व सकवारबाई सती गेल्या. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत, बाळाजी बाजीरावानें डाव टाकून त्यांस सती जाणें भाग पाडलें, असें चित्र रंगविलें आहे. उलट १७७२ सालीं थेऊर येथें माधवराव पेशव्यांमागें रमाबाई गेल्या त्या स्वेच्छेनें, असें परंपरा सांगते. साताऱ्यास जुलूम झाला कीं नाहीं, हा शुद्ध पुराव्याचा प्रश्न आहे. तो पत्रांनीं, तारखांनीं, साक्षीदाराच्या हितसंबंधांच्या छाननीनेंच सुटावयाचा. आणि त्याच्या उत्तरावर एका माणसाचा दोष किंवा निर्दोषपणा अवलंबून आहे. येथें ढिलाई करणें हाच अन्याय. एखाद्या मृत मनुष्यावर खुनाचा आळ ठेवावयाचा तर कागद दाखविला पाहिजे; मॅक्समुल्लरनें दाखविला नाहीं, ही आमची तक्रार वर आलीच आहे. परंतु दुसऱ्याचा प्राण अशा रीतीनें घेणें वाईट, हें त्या कागदांत कोठेंही लिहिलेलें असणार नाहीं. तें बरोबर घेऊनच आपण दप्तर सोडावयास बसतों.

आणि थेऊरचें काय? स्वेच्छा सिद्ध झाली म्हणजे प्रश्न मिटला असें कोणी म्हणेल. सहजासहजीं आम्हांस तसें म्हणवत नाहीं. ज्या समाजांत विधवेपुढें दुसरी वाट इतकी अंधारी करून ठेविलेली होती, तेथें स्वेच्छा या शब्दास किती वजन द्यावें? वाट अंधारी होती हें कागद सांगतील. वजन आपणांसच द्यावें लागेल. महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या सतीशिळा, कोपरांत वाकलेला चुडेमंडित हात, वर चंद्रसूर्य, आमच्यांपैकीं अनेकांनीं ठशांसकट नोंदविल्या आहेत. त्या हाताचें शिल्प सुंदर आहे असें लिहितांना आमचीही लेखणी क्षणभर थांबली आहे.

१९८७ सालीं राजस्थानांत देवराला येथें अठरा वर्षांची विधवा चितेवर जळाली, तेव्हांही शास्त्रार्थ झाला. ‘अग्रे’ हा पाठ तोंपर्यंत शंभरांहून अधिक वर्षें छापील प्रतींत उपलब्ध होता. त्याच सालीं संसदेनें नवा प्रतिबंधक कायदा केला, तो पाठभेदाचा उल्लेख करून नव्हे.

आतां संपादकांविषयीं थोडें. पाठ नैतिक निर्णय देत नाहीं असें एकदां पटलें, म्हणजे अप्रिय पाठ दडविण्याची गरज उरत नाहीं. एका निबंधग्रंथाच्या अलीकडील छापील प्रतींत सहगमनाचें प्रकरणच ‘कालबाह्य’ म्हणून गाळलेलें आम्हीं पाहिलें. हेतु चांगला होता यांत शंका नाहीं. परंतु ज्याला तें वचन समाजावर सत्ता गाजवील अशी भीति वाटते, त्यानें त्या वचनाचा अधिकार एका परीनें मान्यच केलेला असतो. आणि पुढील अभ्यासकाचा पुरावा तेवढा बुडतो. तें प्रकरण पुढील आवृत्तींत परत घालावें, अशी आमची त्या प्रकाशकांस विनंती आहे.

वाचकांसही एक विनंति आहे. ‘अग्नेः’ हा पाठ रघुनंदनाचाच कीं त्याच्या लेखकांचा, हें अनेक पोथ्या एकत्र पाहिल्यावांचून सांगूं नये. महाराष्ट्रांत ‘शुद्धितत्त्वा’च्या पोथ्या विरळाच, पण ‘निर्णयसिंधू’च्या (ज्याची रचना शक १५३४ ची) शेंकडों आहेत, आणि अंत्येष्टिप्रयोगांच्या सुट्या पोथ्या तर भिक्षुकांच्या घरोघर. ज्यांच्या संग्रहीं अशा पोथ्या असतील त्यांनीं सहगमनाचें प्रकरण व ही ऋचा जेथें जेथें आली असेल तें पत्र काढून पाहावें: शेवटचें पद काय आहे, स्वरांकन आहे कीं नाहीं, समासांत कोणा दुसऱ्या हातानें शोधन केलें आहे काय, हरताळ लावला आहे काय. पत्राचें छायाचित्र, पोथीचा लेखनशक व लेखकाचें नांव एवढें मंडळाच्या कचेरींत पाठविल्यास तुलनेचें कोष्टक पुढील अंकांपैकीं एकांत देण्याचा आमचा विचार आहे. ‘अग्नेः’ आढळल्यास तेंही तसेंच कळवावें.